घरची कॅसेट शाळेत चालेना

१९८४ साली ‘क्लास’ या सरकारी योजनेतून निवडक शाळांत बीबीसी मायक्रो संगणक आले. त्याच दशकात काही घरांत स्पेक्ट्रम आला. दोन्ही साध्या कॅसेटवर माहिती साठवत, दोघांची भाषाही ‘बेसिक’. तरी मुलाने घरी लिहिलेला प्रोग्राम शाळेत चालेना. कॅसेटवरचे ध्वनिसंकेतच निराळे! शिवाय स्पेक्ट्रम ‘प्रिंट’ हा शब्द २४५ या आकड्याने साठवी. बीबीसीच्या लेखी २४५ म्हणजे ‘रिपीट’. ‘छाप’ म्हणावे, तर हा पुन्हा-पुन्हा करायला बसणार!

उपाय होता, पण किचकट. प्रोग्राम साधा मजकूर म्हणून केबलने पाठवायचा, मग भाषेतले फरक हाताने दुरुस्त करायचे. अशा कॅसेट माळ्यावर असतील, तर आधी आजच्या संगणकावर ध्वनिमुद्रित करून घ्याव्यात. फितीवरचा आवाज विरत जातो. तो उतरला, की प्रोग्राम सवडीने काढता येतो.