चिलीम : मातीची, सरळ आणि हातोहात फिरणारी

चिलीम म्हणजे तंबाखू ओढण्याची, भाजलेल्या मातीची सरळ नळी. वरचे तोंड रुंद, खालचे अरुंद. लांबी साधारण वीतभर किंवा त्याहून कमी. विलायती पाइपची वाटी आणि दांडी यांच्यात बाक असतो, त्यामुळे तंबाखू वाटीतच राहतो. चिलमीला बाक नाही. म्हणून तंबाखू भरण्याआधी आत एक छोटा खडा टाकतात. तो नळीच्या निमुळत्या भागात अडकतो. कडेने धूर जातो, पण तंबाखू आणि निखारे तोंडात येत नाहीत.

घडवायला ती सोपी. कुंभार चाकावर मातीचा उंच गोळा ठेवतो, त्याच्या माथ्यावर एक नळी ओढतो, दोऱ्याने कापतो आणि त्याच गोळ्यावर पुढची घेतो. वाळल्यावर चिलमी इतर भांड्यांबरोबर भाजून निघतात. फुटली तर हळहळ नाही, इतकी ती स्वस्त असे.

ओढण्याची रीतही तिच्या घडणीतूनच आली. खालच्या टोकाला ओले फडके गुंडाळतात. त्याला छापी म्हणतात. छापीमुळे धूर थोडा थंड होतो आणि हाताला चटका बसत नाही. मग चिलीम बोटांच्या बेचक्यात उभी धरून, दोन्ही तळव्यांची पोकळी करून तिच्यातून झुरका घेतात. ओठ चिलमीला लागत नाहीत, त्यामुळे ती उष्टी न मानता पुढच्याच्या हाती देता येते. शिवाय दोन्ही हात गुंतलेले असल्याने वर विस्तव ठेवायला दुसरा माणूस लागतो. चिलीम बैठकीत रमली ती यामुळे.

तंबाखू पोर्तुगीजांनी हिंदुस्थानात आणला आणि दख्खनमध्ये तो लवकर रुजला. अकबराचा वकील असद बेग याला तो विजापुरात दिसला. १६०४ च्या सुमारास त्याने तंबाखू आणि रत्नजडित नळी बादशहापुढे ठेवली. म्हणजे मोगल दरबारात हे व्यसन दख्खनेतून गेले. पुढे जहांगिराने १६१७ मध्ये बंदी घातली, पण ती टिकली नाही. श्रीमंतांनी चिलीम पाण्याच्या भांड्यावर बसवली आणि लांब नळी जोडली, तो हुक्का. लहान हुक्का तो गुडगुडी. जस्त-तांब्याच्या काळ्या धातूवर चांदीची नक्षी जडवणाऱ्या बिदरी कारागिरांनी हुक्क्यांचे देखणे बूड घडवले. मात्र हुक्का हवेलीचा. शेताच्या बांधावर आणि मठात चालली ती साधी चिलीमच.

धूपखेडा गावाची चिलमीशी जोडलेली एक कथा ‘श्रीसाईसच्चरिता’त येते. गावचे चांदभाई पाटील हरवलेली घोडी शोधत असताना वाटेत त्यांना चिलीम भरण्याच्या तयारीतला फकीर भेटला. त्याने चिमटा जमिनीत खुपसून विस्तव काढला, सटका आपटून पाणी काढले आणि त्या पाण्यात छापी भिजवली. तो फकीर म्हणजे साईबाबा. कथेवर विश्वास असो वा नसो, चिलमीला काय काय लागते याची ती अचूक यादी आहे. शिर्डीत बाबांची चिलीम भक्तांत फिरे. अमरावतीचे नामांकित वकील दादासाहेब खापर्डे यांनी तिचा उल्लेख आपल्या रोजनिशीत केला आहे. शेगावच्या गजानन महाराजांच्या चरित्रातही जानकीराम सोनाराने विस्तव नाकारल्यावर चिलीम विस्तवावाचून पेटल्याची कथा आहे.

चिलमीला मागे सारले ते विडीने. टेंभुर्णीच्या पानात गुंडाळलेली विडी तयार मिळते, काडीने पेटते आणि एकट्याला ओढता येते. गांजामुळे चिलमीच्या नावालाही बट्टा लागला. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने गांजा बाळगणे हा गुन्हा आहे. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानावर २००८ पासून देशभर बंदी आहे, तर महाराष्ट्राने २०१८ मध्ये हुक्का पार्लर बंद केले.

ओले फडके किंवा हुक्क्यातले पाणी धूर थंड करते, निर्धोक करत नाही. टार आणि निकोटिन छातीत जातातच; निखाऱ्यांच्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइडही येतो. ओठ लागत नसले तरी एकाच्या तळव्यातून दुसऱ्याच्या तळव्यात जाणाऱ्या ओल्या छापीबरोबर रोगजंतू जाऊ शकतात, आणि खेटून बसलेल्या बैठकीत क्षयरोग्याचा खोकलाही सगळ्यांच्या वाट्याला येतो. जी रचना चिलमीला सोबत मिळवून देत होती, तीच तिचा धोका वाटून देते.