ब्राउझरमधलं ॲनिमेशन: शिका, विका, पण एकाच टूलवर पोट ठेवू नका



एकेकाळी वेबसाइटवर गेम, जाहिरात, बॅनर असं काहीही हललं, की ते बहुतेक वेळा फ्लॅशमध्ये केलेलं असायचं. कित्येकांचं घर त्यावर चालायचं. पण फ्लॅश एकाच कंपनीच्या हातात होतं. ॲपलने ते आयफोनवर येऊच दिलं नाही. २०१७ मध्ये अडोबीने ते बंद करायची घोषणा केली आणि ३१ डिसेंबर २०२० ला सपोर्ट संपला. ज्यांना फक्त फ्लॅशची बटणं माहीत होती, ते अडकले. ज्यांना हालचालीमागचं लॉजिक कळत होतं, त्यांना नवीन टूल उचलणं सोपं गेलं.

आता काय शिकायचं?

छोट्या हालचालींसाठी सीएसएस. आकृती आणि नकाशांसाठी एसव्हीजी. गेमसाठी कॅनव्हास. थ्रीडीसाठी वेबजीएल आणि थ्री-जेएस. सोबत जावास्क्रिप्ट लागणारच. ही खुली तंत्रं आहेत. लायसन्स फी नाही, ग्राहकाला वेगळं काही इन्स्टॉल करायला लागत नाही.

विकायचं काय?

"ॲनिमेशन करून देतो" असं सांगत फिरू नका. समोरच्याची अडचण सोडवा. समजा, तुमच्या तालुक्यात कोणी प्लॉटिंग करतंय. त्याच्या लेआउटचा एसव्हीजी नकाशा करा. यात प्रत्येक प्लॉट हा स्वतंत्र आकार असतो. बोट लावलं की क्षेत्रफळ आणि दर दिसेल, विकला गेला की तो लाल होईल. "कुठला प्लॉट शिल्लक आहे?" हे विचारणारे फोन कमी झाले, की पैसे कशाचे दिले हे त्याला आपोआप कळतं.

दोन गोष्टी पक्क्या करा.

पहिली, स्पीड. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला जेमतेम १६ मिलिसेकंद मिळतात. म्हणून शक्यतो ट्रान्सफॉर्म आणि ओपॅसिटी एवढंच हलवा. आणि टेस्टिंग आपल्या लॅपटॉपवर नाही, स्वस्तातल्या फोनवर करा. ग्राहक तिथेच बघणार आहे.

दुसरी, कोटेशन. प्लॉट विकला गेल्यावर नकाशा कोण बदलणार? हे आधीच लिहून घ्या आणि मेंटेनन्सचे पैसे वेगळे लावा. विकलेला प्लॉट शिल्लक दिसला, तर भांडण त्याचं होईल आणि नाव तुमचं खराब होईल.

या आठवड्याचा गृहपाठ: दहा प्लॉटचा काल्पनिक नकाशा बनवा, फोनमध्ये उघडा आणि दोन व्यावसायिकांना दाखवून या. पहिली ऑर्डर अशीच मिळते. लागा कामाला!