पासचं बटन कुठलं?

प्लेस्टेशनच्या कंट्रोलरवर उजव्या अंगठ्याखाली चार बटनं असतात. फुली, वर्तुळ, चौकोन आणि त्रिकोण. ईए कंपनीच्या फिफा गेममध्ये वर्तुळ दाबलं की शॉट जातो आणि चौकोन दाबला की चेंडू हवेत उंच उचलला जातो. कोनामी या जपानी कंपनीच्या प्रो इव्होल्युशन सॉकरमध्ये, म्हणजे कॉलेजच्या पोरांच्या भाषेत ‘पेस’मध्ये, बरोबर उलट. शॉट चौकोनावर, उंच चेंडू वर्तुळावर. आता ज्याची सगळी उमेदवारी पेसवर झाली, त्याने पंधरा वर्षांनी मुलाच्या प्लेस्टेशनवर ईएचा गेम लावला तर काय होईल? समोर फक्त गोलकीपर उरलाय, अंगठा सवयीने चौकोनावर जातो आणि चेंडू अलगद कीपरच्या हातात. शेजारी बसलेला मुलगा हसतो. बाप म्हणतो, ‘वय झालं.’

वयाचा यात फारसा संबंध नाही. चाळिशी-पन्नाशीतल्या हौशी खेळाडूला नवा फुटबॉल गेम जड जातो, तो बोटं मंदावली म्हणून कमी आणि जुना गेम बोटांत मुरलेला असतो म्हणून जास्त. पाटी कोरी असलेल्याला एकच काम असतं, शिकण्याचं. जुन्या खेळाडूला आधी पुसावं लागतं.

ही जुनी पिढी महाराष्ट्रात बऱ्यापैकी मोठी आहे. १९९० च्या दशकात टीव्हीला जोडायचे आणि कॅसेट घालून चालवायचे व्हिडिओ गेम घरोघरी आले. त्यात मारिओ आणि कॉन्ट्रा मुख्य, फुटबॉल तोंडी लावायला. ईएचा पहिला फिफा गेम १९९३ च्या डिसेंबरात आला होता, पण आपल्याकडे तो खरा रुजला पीसीवर. नेट कॅफेत, आणि त्याहून जास्त पुण्या-औरंगाबादच्या इंजिनिअरिंग होस्टेलांत. बीडसारख्या जिल्ह्यातून शिकायला बाहेर पडलेल्या मुलांनी क्रिकेट ०७ आणि फिफा ०७ या दोन गेमवर रात्री जागवल्या. दोन्ही गेम २००६ साली बाजारात आले आणि साध्यासुध्या कॉम्प्युटरवरही चालत. एका कीबोर्डवर दोघं बसत, तेव्हा कोपर कुणाचं कुणाला लागतंय यावरून मॅचपेक्षा मोठा सामना होई.

त्या कीबोर्डवर एस म्हणजे पास, डी म्हणजे शॉट, ए म्हणजे उंच चेंडू, डब्ल्यू म्हणजे थ्रू पास आणि ई दाबून धरलं की खेळाडू सुसाट. दिशा द्यायला बाणांची चार बटनं. दोन बाण एकदम दाबले की तिरकी चाल. म्हणजे मैदानावर एकूण आठच दिशा. फिफा १० मध्ये चेंडू घेऊन कुठल्याही कोनात वळण्याची सोय आली आणि कंट्रोलरच्या छोट्या दांडीला खरा अर्थ आला. जुना खेळाडू मात्र दांडीही बाणासारखीच वापरतो, खटकन एका टोकाला. त्याचा खेळाडू कायम पूर्ण वेगाने आणि सरळ रेषेत पळतो. मुलगा तीच दांडी जरा कलती करतो, धावण्याचं बटन सोडतो आणि बचावपटूला बगल देऊन निघून जातो.

बचावात तर याहून मोठी उलथापालथ झाली. फिफा ११ पर्यंत एक बटन दाबून धरलं की आपला खेळाडू चेंडूमागे आपोआप धावायचा आणि बऱ्याचदा चेंडू काढूनही घ्यायचा. २०११ मध्ये आलेल्या फिफा १२ ने ही सोय मोडली. आता तेच बटन धरलं की खेळाडू समोरच्यापासून थोडं अंतर ठेवून त्याला नुसता अडवत राहतो. टॅकल कधी करायचा ते माणसाने ठरवायचं. वेळ चुकली की खेळाडू तोंडघशी आणि मागे मैदान मोकळं. जुन्या खेळाडूंना चार-पाच गोल बसतात ते इथेच. अधीर होऊन ते पुढे झेपावतात आणि मागे भगदाड पडतं.

हे पुसणं किती अवघड असतं याचा एक गमतीदार नमुना डेस्टिन सँडलिन या अमेरिकन इंजिनिअरने २०१५ मध्ये यूट्यूबवर दाखवला. त्याच्याकडे एक सायकल होती, जिचं हँडल उजवीकडे वळवलं की चाक डावीकडे वळे. ती चालवायला शिकण्यात त्याचे आठ महिने गेले. त्याच्या लहान मुलाला दोन आठवडे पुरले. पुढे तर सँडलिनला साधी सायकल चालवणंच काही काळ जमेना. बोटांची सवय ही अशीच असते. ती समजावून सांगून जात नाही, नवी सवय वरून बसावी लागते. म्हणून पेसवाल्याने पहिल्या दिवशीच सेटिंगमध्ये जाऊन बटनांची पर्यायी मांडणी निवडावी हे बरं. शॉट आणि उंच चेंडू यांची अदलाबदल करणारी ही मांडणी ईएच्या गेममध्ये मुद्दाम ठेवलेली आहे. तिथे हात घालण्यात कमीपणा कसला?

बोटं मंदावतच नाहीत असं मात्र नाही. कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये स्टारक्राफ्ट २ या वेगवान डावपेचांच्या गेमच्या ३,३०५ खेळाडूंच्या नोंदी तपासल्या. खेळाडू १६ ते ४४ वयाचे. पडद्यावर नवं काही दिसल्यापासून पहिली कृती होईपर्यंतचा वेळ २४ व्या वर्षापासूनच वाढू लागतो, असं त्यांना आढळलं. म्हणजे चाळिशीवाल्याने हळहळायचं तर त्याला सोळा वर्षं उशीर झालाय. पण त्याच अभ्यासात दुसरीही गोष्ट दिसली. वय वाढलेले खेळाडू साधे डावपेच वापरून आणि गेममधल्या सोयी अधिक हुशारीने हाताळून ही कसर भरून काढत होते.

फुटबॉलमध्ये ही भरपाई आणखी सोपी, कारण इथे खेळच ओळखीचा असतो. कोल्हापूरचं उदाहरण घ्या. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब या फुटबॉल संघांच्या लढती पाहत ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांना बचावफळी कधी मागे ओढायची, विंगवरून चेंडू कधी आत घालायचा, हे कुणी शिकवावं लागत नाही. याच शहराचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपमध्ये भारताकडून खेळला. अशा माणसाला गेममध्ये चाल दिसते, नुसतं बटन सापडत नाही. उलट अनेक तरुण खेळाडूंना बटनं तोंडपाठ असतात आणि ऑफसाइड कळत नाही. आमच्या मते या दोघांत पहिल्याची अडचण लवकर सुटणारी आहे.

म्हातारपणी गेम खेळणारे लोक जगात आता नवलाईचे राहिलेले नाहीत. जपानच्या हामाको मोरी या आजी २०२० मध्ये नव्वदाव्या वर्षी गेम खेळणाऱ्या सर्वांत वयस्कर यूट्यूबर म्हणून गिनेस बुकात गेल्या. स्वीडनमध्ये सिल्व्हर स्नायपर्स नावाचा निवृत्त मंडळींचा संघ काउंटर स्ट्राइक खेळतो, तर जपानच्या अकिता प्रांतात मातागी स्नायपर्स हा साठीपुढच्यांचा संघ २०२१ मध्ये उभा राहिला. हे दोन्ही संघ गोळीबाराच्या गेममध्ये, जिथे वेग फुटबॉलपेक्षा जास्तच लागतो.

गेम खेळल्याने म्हातारपणी डोकं तल्लख राहतं, असंही हल्ली कुणी ना कुणी सांगत असतं. त्यामागे बहुतेक वेळा ‘न्यूरोरेसर’ असतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात ॲडम गझाली आणि सहकाऱ्यांनी ६० ते ८५ वयाच्या लोकांना महिनाभर हा मोटार चालवण्याचा गेम खेळायला लावला. एका वेळी दोन कामं करण्यात ही मंडळी सराव न केलेल्या विशीतल्या तरुणांच्या पुढे गेली. २०१३ मध्ये ‘नेचर’ने तो अभ्यास छापला. पण तो गेम त्याच कामासाठी बनवलेला होता, दुकानात मिळणारा नव्हता. त्यावरून फुटबॉल गेमला औषधाच्या बाटलीत भरायची घाई नको. मजा येते म्हणून खेळावं, एवढं कारण पुरेसं आहे.

नवा गेम लावल्यावर पहिली अडचण बऱ्याचदा टीव्हीची असते, आणि ती कुणाच्या लक्षात येत नाही. आजचे टीव्ही चित्र सुंदर दिसावं म्हणून त्यावर प्रक्रिया करतात आणि त्यात काही मिलिसेकंद खातात. बटन दाबलं आणि पाय हलला, यांत फट पडते. टीव्हीच्या सेटिंगमधला गेम मोड चालू केला की ती बरीच कमी होते. दुसरी अडचण चष्म्याची. जवळचा चष्मा लावला तर समोरचं मैदान धूसर, काढला तर हातातली बटनं दिसत नाहीत. आणि पडद्याच्या तळाशी असतो तो रडार, ज्यात बावीस खेळाडू ठिपक्यांसारखे फिरत असतात, तो दहा फुटांवरून तसाही वाचता येत नाही. यावर उपाय म्हणजे कॅमेऱ्याची उंची आणि झूम बदलणं. मैदान जास्त दिसेल असा कॅमेरा घेतला की रडारकडे पाहण्याची गरजच कमी पडते.

मग गेमचा वेग. ईएच्या गेममध्ये घरच्या घरी खेळताना वेग कमी करता येतो, अर्ध्या सामन्याची मिनिटं वाढवता येतात आणि कॉम्प्युटरची ताकद ‘बिगिनर’पासून ‘अल्टिमेट’पर्यंत सात पायऱ्यांवर ठेवता येते. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या एफसी २६ ने तर खेळाचे दोन साचेच वेगळे केले. ऑनलाइन चुरशीसाठी एक चपळ साचा, आणि एकट्याने खेळणाऱ्यांसाठी खऱ्या सामन्याच्या चालीने जाणारा दुसरा. हळू खेळणं म्हणजे कमी प्रतीचं खेळणं, हा समज मैदानावरही खोटा ठरलाय. इंग्लंडमधल्या चेस्टरफील्ड क्लबच्या ट्रस्टने २०११ मध्ये पन्नाशीपुढच्यांसाठी चालण्याचा फुटबॉल सुरू केला. धावलात की फाउल. तो खेळ पुढे देशोदेशी पसरला.

प्लेस्टेशन सगळ्यांकडे नसतं, मोबाइल असतो. तिथे अडचण नेटवर्कची. बीडहून विसेक किलोमीटरवर मांजरसुंब्याजवळ कपिलधार आहे. बालाघाटच्या डोंगरात, मन्मथस्वामींच्या समाधीचं आणि धबधब्याचं ठिकाण, जिथे कार्तिक पौर्णिमेला लिंगायत भाविकांची मोठी यात्रा भरते. अशा ठिकाणी एखादा माणूस दुपारच्या निवांत वेळी फोनवर ऑनलाइन सामना लावून बसला आणि त्याचा पास अर्ध्या सेकंदाने सुटला, तर दोष त्याच्या बोटांना द्यायचं कारण नाही. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबईपर्यंतचं चारशे किलोमीटरचं अंतर जाऊन-येऊन फक्त चार मिलिसेकंदांचं आहे. सर्व्हर सिंगापूरला असेल तरी त्यात पन्नासेक मिलिसेकंदांच्या आतबाहेर भर पडेल. खरा वेळ जातो तो फोन आणि टॉवर यांच्यामधल्या टप्प्यात. डोंगर आडवा आला, एकाच टॉवरवर माणसं वाढली की पिंग, म्हणजे जाऊन-येऊन लागणारा हा वेळ, चढतो आणि सामना अडखळतो. कॉम्प्युटरविरुद्ध, नेटशिवाय खेळायचा गेम अशा वेळी बरा पडतो.

मोबाइलवरचे गेम फुकट असतात हेही अर्धसत्यच. कोनामीने २०२१ मध्ये पेसचं नाव बदलून ‘ई-फुटबॉल’ केलं आणि गेम फुकट वाटला. तो इतका कच्चा निघाला की खेळाडूंचे विद्रूप चेहरे जगभर फिरले आणि कंपनीला माफी मागावी लागली. पुढे तो सुधारला. ईएचं फिफा संघटनेशी बिनसलं तेव्हा फिफा २३ हा त्या नावाचा शेवटचा गेम ठरला, आणि सप्टेंबर २०२३ पासून तोच गेम ‘ईए स्पोर्ट्स एफसी’ नावाने येऊ लागला. जुन्या माणसाला दुकानात फिफा सापडत नाही तो यामुळे. दोन्ही कंपन्यांचा पैसा आता गेममध्ये विकत घेता येणाऱ्या खेळाडूंवर आहे. पाकीट विकत घ्यायचं, आत कोण निघेल ते नशीब. बेल्जियमने २०१८ मध्ये अशा पाकिटांना जुगार ठरवलं आणि २०१९ च्या जानेवारीत ईएने तिथे ही पाकिटं घ्यायला लागणारे फिफा पॉइंट विकणं थांबवलं. भारतात ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून पैसे जिंकण्याच्या गेमवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. गेममधल्या पाकिटात मात्र जिंकायला पैसे नसतात, मिळतो तो पडद्यावरचा खेळाडू. तेव्हा फोनवर खरेदीसाठी पासवर्ड लावून ठेवणं हे काम घरच्यांचंच.

बटनं आणि वेग या दोन्हींना कंटाळलेल्यांसाठी फुटबॉल मॅनेजर नावाचा वेगळाच गेम आहे. त्याची सुरुवात १९९२ मध्ये इंग्लंडच्या कॉलियर बंधूंनी ‘चॅम्पियनशिप मॅनेजर’ या नावाने केली. त्यात चेंडूला हातच लावायचा नसतो. संघ निवडायचा, खेळाडू विकत घ्यायचे आणि बाकावर बसून पाहायचं. आकडेमोडीची आवड असलेला माणूस त्यात पार बुडून जातो, आणि तो कितव्या वर्षी सुरू केला याने काही फरक पडत नाही.

घरात दोन कंट्रोलर असतील तर मात्र मुलाविरुद्ध न खेळता मुलाच्या बाजूने खेळून बघावं. साध्या किक-ऑफ सामन्यात दोन्ही कंट्रोलर एकाच संघाला लावता येतात. मग पुढे पळायचं काम मुलाकडे आणि मागे थांबून अडवायचं बापाकडे, अशी वाटणी आपोआप होते. गोल झाला तर मुलाचा. बसला तर बापाचा, आणि त्यावर पुन्हा किक-ऑफपर्यंत वाद.