मतदारसंघांची पुनर्रचना आणि बीड जिल्हा

भारतीय संविधानाच्या कलम 82 व 170 मध्ये प्रत्येक जनगणनेनंतर मतदारसंघांच्या फेररचनेची तरतूद आहे. तथापि 42 व्या घटनादुरुस्तीने (1976) राज्यांच्या जागांची संख्या गोठविली आणि 84 व्या दुरुस्तीने (2001) ही मुदत 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढविली. त्यामुळे महाराष्ट्राच्या विधानसभेच्या 288 व लोकसभेच्या 48 जागा कायम राहून केवळ अंतर्गत सीमा बदलल्या. 2001 च्या जनगणनेवर आधारित ही फेररचना न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या आयोगाने केली व 2009 च्या निवडणुका तीनुसार झाल्या.

बीड जिल्ह्यात या फेररचनेने चौसाळा मतदारसंघ नाहीसा झाला. जुन्या रचनेत परळीचा परिसर रेणापूर मतदारसंघात मोडत असे. रेणापूर मात्र लातूर जिल्ह्यात होते. विधानसभा मतदारसंघ एकाच जिल्ह्याच्या हद्दीत असावा, हे तत्त्व आयोगाने स्वीकारल्याने रेणापूर लातूर ग्रामीणमध्ये गेले व परळी स्वतंत्र मतदारसंघ झाला. गेवराई, माजलगाव, बीड, आष्टी, केज (अनुसूचित जातींसाठी राखीव) व परळी या सहा मतदारसंघांत अकरा तालुके सामावले गेले आणि बीड लोकसभा मतदारसंघाची सीमा जिल्ह्याच्या सीमेशी जुळली.

जागा सहाच का, याचे उत्तर भागाकारात आहे. 2001 मध्ये राज्याची लोकसंख्या 9,68,78,627 होती; म्हणजे एका जागेमागे सरासरी 3,36,384. बीडच्या 21,61,250 लोकसंख्येला हा भाजक लावल्यास 6.42 येतात. अपूर्णांक अर्ध्यापर्यंत पोहोचण्यास सुमारे 25 हजार लोक कमी पडले.

येथे एक बाब दुर्लक्षिली जाते. जनगणना फेब्रुवारीत, ऐन गाळप हंगामात झाली. गणनेच्या संपूर्ण काळात घरापासून दूर असलेल्या व्यक्तीची नोंद ती जेथे आढळेल तेथे होते. बीडचा ऊसतोड मजूर त्या दिवसांत पश्चिम महाराष्ट्रात वा कर्नाटकात कोयता घेऊन फडात असतो. त्याचे नाव मतदारयादीत गावी, गणना मात्र कारखान्याच्या परिसरात. ज्या जिल्ह्यातून दरवर्षी लाखोंचे स्थलांतर होते, तेथे 25 हजारांचा फरक किरकोळच म्हणावा लागेल. 2011 च्या जनगणनेनुसार (बीड 25,85,049, राज्य 11,23,74,333) हाच भागाकार 6.63 येतो. ती जनगणनाही फेब्रुवारीतच झाली होती.