शेळी विण्याची वेळ कशी ओळखावी

गाईचे नऊ महिने नऊ दिवस, म्हशीचे दहा महिने दहा दिवस, हे आपल्या सणसवाडीत लहान पोरांनाही पाठ असते. शेळीचे विचारले की मात्र मोठी माणसेही बोटे मोजू लागतात. शेळी पाच महिन्यांनी विते. म्हणजे सुमारे १५० दिवस. चार-पाच दिवस मागेपुढे. माघी पौर्णिमेला फळलेली शेळी आषाढी पौर्णिमेनंतर दोन-तीन दिवसांत विते. मध्ये अधिक महिना आला तर हिशेब चुकतो बरे का! त्यापेक्षा शेळी बोकडाला दाखवाल, त्या दिवसाची तारीख भिंतीवर लिहून ठेवा. आता तुम्हांला लिहिता येते.

पण तारीख नुसता अंदाज देते. मी एकदा तारखेवरच विसंबलो होतो. पौषाची थंडी होती. सकाळी शेळीने चारा टाकला, भिंतीकडे तोंड करून एकटी उभी राहिली. मी म्हटले, अजून चार दिवस अवकाश आहे. मी शाळेच्या कामाला तालुक्याला गेलो. रात्री परत येऊन पाहतो तो शेळी व्यालेली! एक करडू पीत होते. दुसरे मरून पडले होते. त्याच्या नाकातोंडावरची पातळ जाळी तशीच होती. ती पुसायला जवळ कुणी नव्हते. एवढ्यासाठीच ती वेळ ओळखायची.

महिनाभर आधी कास भरू लागते. पण कासेवर फसू नका. एखादीची फार आधी भरते, एखादीची शेवटच्या दिवशी. खरी खूण शेपटीच्या बुडाशी असते. तिथे दोन्ही बाजूंना हाताला दोरीसारखे ताठ बंध लागतात. रोज संध्याकाळी हात लावून बघत जा. हे बंध ढिले पडतात, आणि एक दिवस हाताला लागतच नाहीत. मग बहुधा एका दिवसात शेळी विते. शेपटीजवळ खड्डे दिसतात, कास तकाकते, सड ताठरतात. शेळी कळप सोडते, पायाने जमीन उकरते, उठते, बसते, मागे वळून स्वतःच्या कुशीकडे बघते, हळू आवाजात ओरडते. मागून चिकट तार लोंबू लागली की जागचे हलू नका. कोरडे गवत पसरा, स्वच्छ फडके जवळ ठेवा.

पुढे पाणमोट दिसते. ती फुटल्यावर बहुधा अर्ध्या तासात करडू येते. आधी पुढचे दोन खूर आणि त्यांवर नाक, असे आले म्हणजे ठीक. शेळी जोराने कळा देते आहे, अर्धा-पाऊण तास झाला, तरी काही दिसत नाही, किंवा नुसती शेपटीच दिसते, तर ओढाताण करू नका. जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा. १९६२ हा सरकारी फोन फुकट लागतो.

करडू पडताच नाकातोंड पुसा. जुळी पुष्कळदा होतात, म्हणून एक झाले की उठून जाऊ नका. नाळेला टिंक्चर आयोडीन लावा. वार पडेपर्यंत चीक पाजू नये असे काही म्हाताऱ्या सांगतात, ते ऐकू नका. तासाच्या आत चीक पाजा. करडू पिऊ लागले की वार पडायलाही मदत होते. बारा तासांत वार पडली नाही तर ती हाताने ओढू नका; डॉक्टरांना दाखवा.