न्याहारीची भाजलेली लापशी

शेतकऱ्याच्या दिवसांत न्याहारीला जें स्थान असे, तें शहरांतील दिवसांत चहानें घेतलें आहे. शेतकरी पहांटे उठून कांहीं वेळ काम करी, मग घरून आलेली भाकरी, चटणी व कांदा खाऊन पुन्हां कामास लागे. त्याची न्याहारी हें एक जेवणच असे. शहरांतील नोकरदार मनुष्य उठल्याबरोबर चहा घेतो, चहाबरोबर दोन बिस्किटें खातो आणि तेवढ्या आधारावर दुपारपर्यंत काम करूं पाहतो. पोटाची फसवणूक फार वेळ चालत नाहीं. नऊ-दहाच्या सुमारास भूक लागते, आणि मग हाताशीं जें सांपडेल, बहुधा तळलेलें, तें पोटांत पडतें.

पुण्याहून आळंदीस जाणाऱ्या रस्त्यावरील दिघी या गांवाकडे पाहिलें म्हणजे हा फरक डोळ्यांत भरतो. ज्येष्ठ वद्यांत श्रीज्ञानेश्वरमहाराजांची पालखी आळंदीहून याच वाटेनें पुण्यास येते. एके काळचें हें शेतीचें गांव १९९७ सालीं पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेंत आलें. शेजारीं भोसरीची औद्योगिक वसाहत, उत्तरेस चाकणचे मोटारींचे कारखाने आणि खुद्द दिघीच्या टेकड्यांवर लष्करी संस्था, अशा परिसरांत जीं कुटुंबें राहतात त्यांपैकीं पुष्कळांचा दिवस घड्याळाच्या आधीं सुरू होतो. कारखान्यांतील पहिली पाळी सकाळीं सहा-सातला लागते. तेथें वेळेवर पोंचावयाचें तर पांचच्या सुमारास घर सोडलें पाहिजे, आणि घर सोडणाऱ्यास ताजें खाऊन जावयाचें असेल तर दुसऱ्या कुणीं तरी चारला उठलें पाहिजे. हें उठणें बहुधा गृहिणीच्या वांट्यास येतें. ती स्वतःही नोकरीस जाणारी असली तर तिच्या झोपेचा हिशेब कधींच जुळत नाहीं. न्याहारीच्या प्रश्नांत पोषणाइतकाच हा झोपेचाही प्रश्न आहे.

या दोन्ही प्रश्नांस पुरे पडेल असा एक पदार्थ म्हणजे ओटची भाजलेली लापशी. ती आदल्या संध्याकाळीं करून ठेवतां येते, सकाळीं वडीसारखी कापून खातां येते, डब्यांतूनही नेतां येते. चवीनें ती पक्वान्नाच्या जवळ जाते, म्हणून मुलें कुरकुर न करतां खातात. आणि नीट केली तर चार तास पोटाला आधार देते.

नांव ऐकून हा प्रकार परका वाटेल. परंतु धान्य, गूळ आणि ओलें फळ एकत्र करून भाजण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाहीं. कोंकणांत भाद्रपदाच्या सुमारास मोठ्या जून काकड्या निघूं लागल्या म्हणजे त्यांच्या किसांत तांदळाचा रवा, गूळ, ओलें खोबरें व वेलदोडा घालून धोंडस करतात. गोव्यांत यालाच तवसळी म्हणतात. जुन्या घरांत धोंडसाचें पातेलें मंद विस्तवावर ठेवून त्याच्या झांकणावरही निखारे ठेवीत. खालून आणि वरून सारखी धग मिळाली म्हणजे आंतील ओलसर मिश्रण हळूहळू आळतें व त्यास खरपूस तपकिरी पापुद्रा येतो. विजेची भट्टी, जिला आतां घरोघर ओव्हन म्हणतात, ती याहून निराळें कांहीं करीत नाहीं. ती निखाऱ्यांची जागा तारांच्या धगीनें भरून काढते, एवढेंच.

ओट हें धान्य मात्र थंड प्रदेशांतलें. स्कॉटलंडांत शतकानुशतकें त्याची लापशी हेंच सामान्य लोकांचें अन्न होतें. अमेरिकेंत क्वेकर हें ओटचें व्यापारी चिन्ह १८७७ सालीं नोंदविलें गेलें व पुढें डबाबंद ओट जगभर गेले. आपल्याकडे हें पीक रब्बी हंगामांत दुभत्या जनावरांच्या वैरणीसाठीं घेतात. माणसाच्या खाण्यांत तें अलीकडेच रुळलें. पुष्कळ लोक सातू म्हणजेच ओट असें समजतात, पण तीं दोन निराळीं धान्यें आहेत. ओटच्या दाण्यांत स्निग्धांश इतर तृणधान्यांहून अधिक असतो, त्यामुळें कच्चा दाणा फोडल्यावर लवकर खवट होतो. म्हणून टरफल काढल्यावर त्याला प्रथम वाफेची उष्णता देतात आणि मग रुळांखालीं चपटा करतात. म्हणजे बाजारांत मिळणारे ओट हे एका अर्थीं ओटचे पोहेच होत. त्यांत जाड व बारीक असे दोन प्रकार येतात. भाजण्यासाठीं जाड घ्यावेत. बारीक ओटचा लगदा होतो. मसाला मिसळलेल्या पुड्या येथें निरुपयोगी आहेत.

हें अन्न पोटांत टिकतें याचें कारण त्यांतील विद्राव्य तंतूंत आहे. शंभर ग्रॅम ओटमध्यें साधारण तेरा ग्रॅम प्रथिनें, दहा ग्रॅम तंतुमय भाग आणि त्यापैकीं चारेक ग्रॅम बीटा-ग्लुकन नांवाचा चिकट तंतु असतो. ओटची पेज बुळबुळीत लागते ती याच्यामुळें. पोटांत गेल्यावर हा तंतु पाणी धरून ठेवतो, अन्नाचा पुढचा प्रवास मंदावतो, आणि साखर रक्तांत एकदम न जातां सावकाश जाते. रक्तांतील कोलेस्टेरॉल उतरण्यासही तो मदत करतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें १९९७ सालीं हा गुण मान्य केला व त्यासाठीं रोज तीन ग्रॅम बीटा-ग्लुकन पोटांत जावें असें प्रमाण धरलें. तें साधारण पाऊणशे ग्रॅम ओटांतून मिळतें.

आतां कृति. चार माणसांसाठीं दोनशें ग्रॅम जाड ओट घ्यावेत. ते कोरड्या कढईंत मंद आंचेवर पांच मिनिटें, खमंग वास सुटेपर्यंत, भाजावेत. दोन मोठे चमचे जवसाची पूड सहा चमचे पाण्यांत कालवून दहा मिनिटें ठेवावी. ती चिकट होऊन मिश्रण बांधून धरते. ज्यांना अंडीं चालतात त्यांनीं जवसाऐवजीं दोन अंडीं फेंटून घ्यावीं. दोन पूर्ण पिकलेलीं केळीं हातानें कुस्करावीं. चाळीस ग्रॅम गूळ थोड्या कोमट पाण्यांत विरघळवून गाळून घ्यावा व निववावा. गूळ गरम दुधांत कधींही घालूं नये. त्यांतील आंबटपणानें दूध फाटतें, हें खीर करणाऱ्या प्रत्येकीस ठाऊक असतें. मग अर्धा लिटर गार दूध, केळीं, गूळ, जवस आणि एक चमचा पातळ तूप एकत्र करावें. त्यांत ओट, एक लहान चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा मीठ, वेलदोड्याची पूड आणि पन्नास ग्रॅम दाणे, बदाम किंवा अक्रोड भरडून घालावे. मीठ विसरूं नये. गोड पदार्थांतील चिमूटभर मीठ गुळाची चव उठावदार करतें व त्यामुळें गूळ कमी लागतो.

हें मिश्रण पंधरा मिनिटें तसेंच राहूं द्यावें. सर्व कृतींत हीच पायरी लोक गाळतात आणि मग लापशी वर कोरडी व खालीं पाणचट झाली म्हणून कृतीला दोष देतात. ओटना दूध पिण्यास अवधि लागतो. धान्यांतील पिष्ट साधारण साठ-सत्तर अंश उष्णतेला पाणी शोषून फुगतें व घट्ट होतें. दाणा आधींच ओलावलेला असला तर हें काम सगळीकडे सारखें होतें. नंतर तूप लावलेल्या पसरट भांड्यांत मिश्रण दोन बोटें जाडीचें ओतावें आणि १८० अंशांवर तापविलेल्या भट्टींत पस्तीस ते चाळीस मिनिटें ठेवावें. कडा सुटल्या, वर तपकिरी रंग आला आणि मध्यभागीं बोटानें दाबलें असतां हललें नाहीं म्हणजे झालें. गरम असतांना कापूं नये. निवतांना तें आणखी आळतें.

दिघीसारख्या ठिकाणीं भाड्याच्या एका-दोन खोल्यांत राहणाऱ्यांकडे भट्टी असेलच असें नाहीं. त्यांनीं जाड बुडाची लोखंडी कढई घ्यावी. तींत बोटभर जाडीचा कोरड्या मिठाचा किंवा स्वच्छ वाळूचा थर पसरावा, त्यावर लहान तिवई ठेवावी, घट्ट झांकण घालून दहा मिनिटें तापवावी, आणि मग भांडें आंत ठेवून अगदीं मंद आंचेवर पन्नास मिनिटें भाजावें. वरून धग कमी पडते, म्हणून वरचा रंग फिका राहतो. कापलेल्या वड्या तव्यावर थेंबभर तुपांत उलटून घेतल्या म्हणजे ती उणीव भरून निघते. हें मीठ पुन्हां पुन्हां याच कामीं येतें, स्वयंपाकांत मात्र घालूं नये.

एकदां हें प्रमाण साधलें कीं पक्वान्नांचीं रूपें त्याला देतां येतात. केळ्यांऐवजीं दीड वाटी काकडीचा कीस, अर्धी वाटी ओलें खोबरें आणि हळदीचें पान खालीं घातलें तर धोंडसाची आठवण येते. काकडीला पाणी सुटतें म्हणून दूध अर्ध्या वाटीनें कमी करावें. मऊ शिजवलेली हरभऱ्याची डाळ एक वाटी, जायफळ व सुंठ घातली तर पुरणपोळीचा स्वाद उतरतो आणि प्रथिनेंही वाढतात. पौषांत गाजरें स्वस्त असतात तेव्हां त्यांचा कीस तुपावर परतून घालावा. उन्हाळ्यांत आंब्याचा रस घातला तर गुळाची गरजच राहत नाहीं.

ओटच हवेत असा हट्टही नको. गव्हाचा दलिया पुष्कळ ठिकाणीं त्यांहून स्वस्त मिळतो व तंतूंच्या बाबतींत कमी पडत नाहीं. मात्र तो वाफवलेला नसतो, म्हणून तुपावर भाजून दुप्पट पाण्यांत अर्धाकच्चा शिजवावा आणि मग वरील रीतीनें भट्टींत घालावा. एक तृतीयांश धान्याच्या जागीं नाचणीचें भाजलेलें पीठ घातलें तर आणखी चांगलें. शंभर ग्रॅम नाचणींत साडेतीनशें मिलिग्रॅमच्या आसपास चुना, म्हणजे कॅल्शियम, असतो; इतका तो गहूं-तांदळांत मिळत नाहीं. वाढत्या मुलांच्या घरीं ही भर उपयोगी आहे.

एका गोष्टीची सावधगिरी मात्र पाहिजे. पक्वान्नासारखी लापशी आणि पक्वान्न यांतील अंतर गुळाच्या एका मुठीचें आहे. गूळ आरोग्यदायक म्हणून कितीही चालतो हा समज चुकीचा. शरीराच्या दृष्टीनें तो साखरच. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं दिलेल्या मार्गदर्शनानुसार वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहाव्या हिश्शाहून कमी, आणि जमल्यास विसाव्या हिश्शाहून कमी असावी. दोन हजार उष्मांक खाणाऱ्या माणसाला ही मर्यादा पन्नास व पंचवीस ग्रॅम पडते. वरील कृतींत माणशीं दहा ग्रॅम गूळ येतो, आणि त्याबरोबर सुमारें बारा-तेरा ग्रॅम प्रथिनें मिळतात. गूळ दुप्पट केला तर जमाखर्च बिघडतो. मधुमेह असलेल्यांनीं गूळ वगळावा, केळें एकच घ्यावें, दाणे वाढवावेत आणि वडीचा आकार वैद्याच्या सल्ल्यानें ठरवावा.

तयार लापशी निवल्यावर दोन तासांच्या आंत शीतपेटींत ठेवावी. तेथें ती तीन दिवस उत्तम राहते. दुधाचा पदार्थ असल्यामुळें उन्हाळ्याच्या रात्रीं ती बाहेर ठेवणें धोक्याचें आहे. सकाळीं एक वडी तव्यावर गरम करण्यास तीन मिनिटें पुरतात, आणि तें काम ज्याला पाळीवर जावयाचें आहे त्यानें स्वतः करण्यासारखें आहे. रविवारीं व बुधवारीं संध्याकाळीं तासभर खर्च केला तर आठवड्यांतील बहुतेक पहांटे स्वयंपाकघरांतला दिवा उशिरां लावला तरी चालतो. पांचाची गाडी गांठणारा भरल्या पोटीं जातो, आणि त्याच्यासाठीं चारला उठणारीला तिची झोप परत मिळते.