विमानतळावर पोहोचण्यापूर्वी

आमच्या जोयडा तालुक्यातील कॅसलरॉक हे स्थानक आज दूधसागरच्या वाटेवरचे म्हणून ओळखले जाते. परंतु एके काळी ते दोन राजवटींमधले दार होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुरगाव बंदरापासून घाट चढून आलेला लोहमार्ग येथे ब्रिटिश हिंदुस्थानच्या लोहमार्गाला मिळाला, आणि तेव्हापासून प्रवाशाची पेटी पोर्तुगीज हद्दीत कुळ्याला व इकडे कॅसलरॉकला उघडली जाऊ लागली. १९५५ मध्ये आर्थिक नाकेबंदीत ही वाहतूक थांबली आणि १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावर ती सीमाच उरली नाही. माझ्या आजीला मात्र अखेरपर्यंत ‘कस्टमवाला’ हा शब्द ‘पोलीस’ या शब्दाहून अधिक धाकाचा वाटे. गाठोड्यात काय बांधले आहे याचा जाब कोणी तरी परका मनुष्य विचारणार, ही तिची धास्ती होती.

ते दार आता घाटाखाली गेले आहे. आपल्या घरांतील मुले दुबई, मस्कत, दोहा येथे नोकरीस आहेत. कोणी त्याहूनही दूर आहेत. त्यांना भेटावयास निघालेले आईवडील आणि नव्याने नोकरीस निघालेले तरुण बहुधा गोव्याच्या विमानतळावरूनच जातात. या लोकांची अडचण विमानतळावर उघडकीस येते खरी, परंतु ती तेथे उत्पन्न होत नाही. ती घरीच, कधी कधी तीस वर्षांपूर्वी, होऊन बसलेली असते. हे मी माझ्या स्वतःच्या चुकीवरून शिकलो आहे. ती हकीकत पुढे सांगेन.

प्रथम गोव्याविषयी. दाबोळीचा विमानतळ पोर्तुगीजांनी १९५५ मध्ये बांधला. मुक्तीनंतर तो नौदलाकडे आला आणि नागरी प्रवासी वाहतूक तेथूनच चालत राहिली. डिसेंबर २०२२ मध्ये पेडणे तालुक्यात मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले व ५ जानेवारी २०२३ पासून तेथून उड्डाणे सुरू झाली. आज दोन्ही चालू आहेत, आणि दोहोंमध्ये साठ-सत्तर किलोमीटरांचे अंतर आहे. तिकिटावर दोन्हीकडे ‘गोवा’ असेच नाव असते. फरक केवळ तीन इंग्रजी अक्षरांचा. दाबोळीसाठी ‘जी ओ आय’ आणि मोपासाठी ‘जी ओ एक्स’. काही विदेशी कंपन्यांनी दाबोळी सोडून मोपा धरल्यामुळे, गेल्या खेपेस जेथून गेलो तेथूनच या खेपेस जायचे, असे गृहीत धरता येत नाही. ही तीन अक्षरे घरातील शाळकरी मुलाकडूनही वाचून घेता येतील. मोटार ठरविताना चालकाला ‘गोवा एअरपोर्ट’ एवढेच सांगू नये. दाबोळी की मोपा हे उच्चारून सांगावे. आमच्याकडून अनमोड घाट उतरून मोले, फोंडा असे जावे लागते. पावसाळ्यात दरड कोसळली की चार-पाच तास तेथेच जातात. परदेशी विमानासाठी तीन तास आधी पोहोचावे असा नियम आहे. घाटापलीकडच्या माणसाने त्यात आणखी तीन मिळवावेत, आणि आषाढ-श्रावणात तर आदल्या दिवशी उतरून नातेवाइकांकडे मुक्काम करावा.

आता नावाविषयी. माझा एक जुना विद्यार्थी नोव्हेंबर २०२२ मध्ये दुबईतील थोरल्या भावाकडे महिनाभरासाठी निघाला. पासपोर्ट होता, व्हिसा होता, जाण्यायेण्याचे तिकीट होते. दाबोळीस काउंटरवर त्याला सांगण्यात आले, की तुम्हाला जाता येणार नाही. कारण, पासपोर्टावर त्याचे नाव एकाच शब्दाचे होते. आडनावाची जागा रिकामी होती. संयुक्त अरब अमिरातीने त्याच महिन्यात असा निर्णय केला होता, की एकाच शब्दाचे नाव असलेल्या पासपोर्टावर पर्यटक अथवा भेटीच्या व्हिसाने प्रवेश मिळणार नाही. पुढे या नियमाचे खुलासे झाले, पासपोर्टाच्या शेवटच्या पानावरील वडिलांचे नाव ग्राह्य धरण्याची सवलतही आली. परंतु त्या दिवशी विमान गेले आणि तो राहिला. त्याचे वडील बाहेर कठड्याशी उभे होते. मुलगा पेटी घेऊन परत येताना दिसला तेव्हा, काही तरी विसरून न्यावयास आला असेल, असे त्यांना वाटले.

तो माझ्याकडे शाळेचा दाखला मागावयास आला. मी दाखल-खारीज वही काढली. नोंद माझ्याच हातची होती. मी नव्याने नोकरीस लागलो तेव्हाची. त्याच्या वडिलांनी मुलाचे नाव सांगितले, मी ते लिहिले, आणि आडनाव विचारलेच नाही. वाड्यावरच्या पुष्कळ घरांत तेव्हा आडनाव सांगण्याची रीत नव्हती, हे खरे. पण विचारणे हे माझे काम होते. त्या एका ओळीवरून दहावीचे प्रमाणपत्र, त्यावरून आधार, त्यावरून पासपोर्ट. प्रत्येक कचेरीने मागचा कागद पाहून पुढचा लिहिला, आणि माझी चूक सगळीकडे अचूक उतरली. हुबळीच्या पासपोर्ट सेवा केंद्रात जाण्यापूर्वी त्याला ते सर्व कागद एकसारखे करून घ्यावे लागले. त्यात त्याचे जे दिवस आणि पैसे गेले ते मी त्याला परत देऊ शकलो नाही.

म्हणून पासपोर्टाचा अर्ज करण्यापूर्वी घरातील सगळे कागद एका चटईवर मांडून नाव ताडून पाहावे. आपल्या सीमाभागात हे अधिकच निकडीचे आहे. नाव मराठीत उच्चारले जाते, कन्नडात नोंदले जाते आणि इंग्रजीत छापले जाते. ‘गावकर’ हे एकच आडनाव कोणी इंग्रजी ‘व्ही’ घालून लिहितो, कोणी ‘ओ’ घालून, कोणी मध्ये अनुस्वाराचा ‘एन’ घालतो. तिघे सख्खे भाऊ कागदोपत्री तीन घराण्यांचे होतात. कर्नाटकातील जुन्या नोंदींत वडिलांचे नाव एका अक्षरावर आटोपलेले असते, तेही पाहावे. आणि आयाबायांचा प्रश्न तर निराळाच. लग्नात नाव बदलण्याची आपली चाल आहे. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, रेशनकार्डावर सासरचे; घरी कोणालाच त्यात काही वावगे वाटत नाही, पण परक्या अधिकाऱ्याच्या दृष्टीने त्या दोन स्त्रिया असतात. तिकीट काढणाऱ्या मुलाला ‘आईचे नाव काय लिहू’ असे फोनवर विचारू देऊ नये. पासपोर्टाच्या पानाचे छायाचित्र पाठवावे आणि अक्षर न् अक्षर तसेच उतरवावयास सांगावे.

गेल्या जूनमध्ये एक आजोबा नातवाला पहिलीत घालावयास आले. मी आडनाव विचारले, मग त्याचे स्पेलिंग, मग आधारकार्ड मागितले. ते हसून म्हणाले, ‘‘गुरुजी, हा काय उद्याच विमानात बसायचा हाय?’’

दहावीच्या प्रमाणपत्राचा आणखी एक उपयोग आहे, जो आमच्या विद्यार्थ्यांना अभ्यास सोडताना कोणी सांगत नाही. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली, दहावी उत्तीर्ण नसलेल्याच्या पासपोर्टाची सामान्यतः ‘ई सी आर’ या वर्गात नोंद होते, आणि अशा माणसाला आखाती देशांसह अठरा देशांत नोकरीसाठी जाताना सरकारची आगाऊ परवानगी लागते. ही अडवणूक नव्हे. फसवणुकीपासून त्याचे रक्षण व्हावे म्हणून ती अट आहे. परंतु दलाल म्हणतो, ‘परवानगीच्या भानगडीत पडू नकोस, भेटीच्या व्हिसावर जा, तिकडे गेल्यावर बघू.’ असा मनुष्य इमिग्रेशनच्या खिडकीशीच अडकतो, आणि न अडकता गेला तर तिकडे पगार बुडाल्यास त्याची दाद घेणारे कागद त्याच्यापाशी नसतात. पहिला प्रसंग बरा म्हणावा लागेल. दलालाची नोंदणी आहे की नाही हे सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ या संकेतस्थळावर पाहता येते; आपल्या गावात रेंज नसेल तर रामनगरला वा दांडेलीला जाऊन पाहावे, पण पाहावे.

आता स्वयंपाकघराकडे वळतो, कारण निघण्याच्या आदल्या रात्री घरातील सर्व चिंता तेथेच एकवटलेली असते. मुलाला अनारसे आवडतात म्हणून आई डबा भरते. अनारशाला खसखस लागते. आणि खसखस ही संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया, सिंगापूर येथे अमली पदार्थांच्या कायद्याखाली निषिद्ध आहे. आपल्याला हे हास्यास्पद वाटेल, परंतु तिकडच्या कायद्याला आपल्या दिवाळीशी कर्तव्य नाही. अनारसे, खसखस घातलेले लाडू, तयार मसाल्याची पुडी, ही त्या देशांकडे मुळीच नेऊ नयेत. विड्याची पानेही दुबईस चालत नाहीत. सुके खोबरे तेलकट व ज्वालाग्राही म्हणून विमानात ताब्यात द्यावयाच्या पेटीत घालण्यास मनाई आहे. लोणचे, तूप, मध, कोकमाचे आगळ हे हातातल्या पिशवीत ठेवले की तपासणीच्या पट्ट्यावर काढून ठेवतात, कारण तेथे शंभर मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटलीला परवानगी नाही. ते मोठ्या पेटीत, नीट बांधून घालावे. अडकित्ता व विळीही पेटीतच. फोनची पॉवर बँक मात्र उलट: ती हातातच हवी. आमच्या भागातील कंद मुले आठवणीने मागवितात, पण माती लागलेले कंद अनेक देशांत शिरू देत नाहीत.

औषधांची मूळ वेष्टने फाडून डबीत एकत्र करू नयेत, आणि डॉक्टरांची चिठ्ठी जवळ असावी. कोडीन असलेली खोकल्याची औषधे व ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या यांवर आखाती देशांत कडक निर्बंध आहेत; त्यांच्यासाठी तेथील सरकारची आधी परवानगी घ्यावी लागते. शेजाऱ्याने ‘एवढे आमच्या मुलाला द्या’ म्हणून दिलेले शिवलेले पुडके घेऊ नये. हे सांगणे जड जाते, शेजार तुटतो की काय असे वाटते. तरी पुडके उघडून दाखवा म्हणावे, नाही तर नको म्हणावे.

सोने अंगावर घालून जाणाऱ्या स्त्रियांनी जाताना कस्टमकडून त्याचे निर्यात प्रमाणपत्र घेऊन ठेवावे. परतताना तेच दागिने नव्याने आणलेले नाहीत, याचा तो पुरावा ठरतो. पावत्या व दागिन्यांची छायाचित्रे बरोबर असली की काम सोपे होते.

विमानतळाच्या आत वृद्धांना सर्वांत अवघड जाते ती तेथील शांतता. एस.टी. स्टँडवर आणि रेल्वे फलाटावर आपण कानांच्या भरवशावर वावरतो. आता बऱ्याच विमानतळांवर पुकारणे जवळजवळ बंद झाले आहे. कोणत्या दरवाजातून बसावयाचे ते फलकावरच बदलते आणि फलक इंग्रजी-हिंदीत. सबब एका जाड कागदावर विमानाचा क्रमांक, सुटण्याची वेळ, उतरण्याचे गाव व मुलाचा फोन क्रमांक मोठ्या अक्षरांत मराठीत व इंग्रजीत लिहून आईच्या पिशवीत घालावा. तिकिटाची छापील प्रत असावी; फोन बंद पडतो, कागद पडत नाही. चाकाच्या खुर्चीची मागणी तिकीट काढतानाच नोंदवावी. डोंगर चढून जाणाऱ्या आमच्या बायकांना त्या खुर्चीचा अपमान वाटतो, पण ती ढकलणारा मनुष्य त्यांना प्रत्येक खिडकीपर्यंत नेतो, हा तिचा खरा उपयोग.

परतीचा प्रवास मुंबईवरून असेल तर एक गोष्ट पक्की सांगून ठेवावी. भारतात विमान जेथे प्रथम उतरते, तेथेच पेटी पट्ट्यावरून उचलून कस्टममधून न्यावी लागते आणि गोव्याच्या विमानासाठी पुन्हा द्यावी लागते. ‘पेटी थेट गोव्याला येईल’ या समजुतीने पुष्कळ लोक मोकळ्या हातांनी पुढे जातात. सांगण्याजोगे काही आणले असेल तर लाल मार्गाने जाऊन सांगावे, नसेल तर हिरव्या. आणि गोव्याला उतरल्यावर न्यावयास येणाऱ्या मुलाला निघण्यापूर्वीच फोन करून ठेवावा, की दाबोळी नव्हे, मोपा.